उजव्या भिंतीचा कॉक

वडिलांना आंघोळ घालणं अवघड असतं का, असं मला कोणी आधी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, त्यात काय एवढं, चार तांबे पाणी ओतायचं. चौदा महिने रोज ओतलं तेव्हा समजलं. हात दुखत नाहीत त्यात. दुसरंच काहीतरी दुखतं, आणि ते कुणाला सांगताही येत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. कालव्यावर पाटकरी होते. पाळीप्रमाणे चारीची दारं उघडायची, बंद करायची, कुणाच्या शेताला किती तास पाणी गेलं ते बघायचं, हे त्यांचं काम. कळंबपासून महाळुंगे पडवळच्या शिवारापर्यंत सायकलवर हिंडायचे. निवृत्त झाले, फंडाच्या पैशातून घराला मागं न्हाणीघर बांधलं, वर टाकी बसवली. त्यानंतर चार वर्षांनी आई गेली, आणि आईच्या मागोमाग दीड वर्षात दादांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. बोलणं जड झालं, पण समजायचं. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. हे दोन हजार सालानंतरचं. तेव्हा आमच्याकडं सकाळी सहाला लाइट जायची ती दहालाच यायची.

मी घोडेगावला कारकून होतो. सातची बस पकडून मंचर, तिथून दुसरी बस. लाइट जायच्या आत गीझरचं पाणी तापवायचं, म्हणजे दादांची आंघोळ साडेपाचला. बायकोनं एकदा नुसतं म्हटलं, "मी घालते की, तुमी आवरा." तर दादांनी दोन दिवस आंघोळच केली नाही. सुनेनं आंघोळ घालायची म्हटल्यावर माणूस मेल्यासारखाच झाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मग मीच.

प्लॅस्टिकच्या स्टुलावर दादा दाराकडं तोंड करून बसायचे. मी समोर उभा. बादलीत विसण घालायचं, बोट बुडवून बघायचं, तांब्या भरायचा. दादा डोळे मिटून घ्यायचे. साबण लावायच्या आधीच मिटायचे.

"वरनं वतू नको रं," म्हणायचे.

"मंग कुठनं वतू, दादा?"

"खांद्यावरनं. हळू."

खांद्यावरून ओतलं की पाणी पाठीमागं जायचं, डोक्याला लागायचंच नाही. घाई असायची. मी वरून ओतायचो. ते अंग आकसून घ्यायचे. मग म्हणायचे, "तांब्या माझ्याकडं दे." दिला की डाव्या हातात तो थरथरायचा, निम्मं पाणी मांडीवर सांडायचं, आणि एकदा तर तांब्या सुटून त्यांच्याच पायावर पडला. नख काळंनिळं झालं. त्यानंतर मी तांब्या देणं बंद केलं.

वरून का नको, हे मला माहीत होतं, आणि हीच तर लाज वाटायची गोष्ट. मी दहावीत असताना कालव्याच्या भिंतीवर बसून दादांनी एकदा सांगितलं होतं. त्यांच्या लहानपणी, धम्म घेण्याच्या आधी, आमच्या वस्तीतल्या माणसांना विहिरीवर चढू देत नसत. आजी खाली घागर ठेवून उभी राहायची. वरून कुणाला दया आली तर तो हात लांब धरून पाणी ओतायचा. तहान लागली की दादा ओंजळ करायचे, आणि वरचा माणूस गंमत म्हणून उंचावरून ओतायचा. नाकातोंडात पाणी जायचं. कधी कधी अख्खी सकाळ तिथंच. सांगताना दादा हसत होते. पुढं म्हणाले, नोकरी लागली आणि त्याच शिवाराचं पाणी माझ्या हातात आलं. लोक दाराशी येऊन म्हणायचे, पाटकरी, आमच्या चारीला कधी सोडताय? "एकाला मुद्दाम अर्धा दिस थांबवला. एकदाच. मला त्या रातीला झोप लागली नाय," म्हणाले.

हे सगळं ठाऊक असून मी रोज त्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओतत होतो. दुसरं सुचत नव्हतं, आणि मला बस गाठायची होती.

मग एकदा मंचरला डॉक्टरांकडं एकटाच गेलो होतो, औषधं बदलून आणायला. डॉक्टर म्हणाले, वर्ष होऊन गेलं, हाताचं आता काही धरून चालू नका. मी मान हलवली. ते बेसिनवर हात धुवायला उठले. त्या नळाला लांब दांडी होती, आणि डॉक्टरांनी ती कोपरानं ढकलली. बोटं लावली नाहीत, मूठ आवळली नाही. दांडी सरकली आणि पाणी आलं. मी हाताचं दुःख करायचं सोडून त्या नळाकडंच बघत बसलो.

शॉवर बसवायचा. गरम आणि गार दोन्ही एकाच लांब दांडीवर. दादा स्टुलावर बसतील, दांडी सरकवतील, हवं तेवढं गरम करून घेतील, आणि मी दाराबाहेर उभा राहीन. कुणी ओतायला नको. मंचरच्या हार्डवेअरवाल्यानं पुण्याहून मागवून दिला. पितळी, वरून पांढरा मुलामा, हातभर लांब दांडी. गल्लीत सगळ्यांना मी सांगितलं, दादांसाठी आणला. खरं तर निम्मा माझ्यासाठी होता. मी दमलो होतो हो. पहाटेचा तो अर्धा तास माझ्या आयुष्यातून कुणीतरी उचलून न्यावा, असं मला वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटल्याबद्दल दिवसभर स्वतःलाच शिव्या घालायचो.

फिटर गावातलाच. त्याचं सगळं आयुष्य विहिरीच्या मोटारी आणि शेतातल्या पाइपलाइनी यांत गेलेलं. न्हाणीघरात तो पहिल्यांदाच शिरला असावा, कारण आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, हितं तर वळायलाबी जागा न्हाई. तीन इंचीची लाइन असती तर डोळं मिटून टाकली असती."

"अर्ध्या इंचीची हाय बाबा. डोळं उघडं ठेवून टाक."

एका दिवसाचं काम म्हणाला होता, नऊ दिवस लागले. भिंतीत छिन्नीनं झिरी पाडायला घेतली की कुणाची तरी मोटार अडकायची, आणि हा पान्हे तसेच टाकून मोटरसायकलवर पसार. आमच्या न्हाणीघरात विटांचा चुरा, फुटक्या टाइल्स, आणि आम्ही सगळे घरामागं पत्र्याच्या आडोशाला. थंडीचे दिवस. दादांना तिथवर नेणं, कुडकुडत आंघोळ घालणं, परत आणणं. नऊ दिवसांत माझ्या नाकीनऊ आले. पण दादा खुशीत होते. खाटेवरून ठोकाठोकीचे आवाज ऐकायचे आणि विचारायचे, "झिरी पडली का? किती खोल घेतलीय? टाकीचं पाणी दाब धरंल ना?" चाळीस वर्षं पाण्याचं काम केलेला माणूस. त्यांना घरात चाललेलं हे काम आपलं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी फिटरनं मला हाक मारली. म्हणाला, शॉवर दाराच्या समोरच्या भिंतीला, म्हणजे पाणी बरोबर स्टुलावर पडंल. पण दांडीचा कॉक तिथंच लावला तर म्हाताऱ्या माणसाला मागं वळून हात घालावा लागंल. त्यापेक्षा बाजूच्या भिंतीला घेऊ. कुठल्या?

दोन्ही बाजूच्या भिंती मोकळ्या होत्या. मी म्हणालो, "उजव्या. उजवा हात बरोबर पडतो."

फिटरनं मान डोलावली. शंका घ्यायचं कारणच नव्हतं. स्टुलावर बसला, दाराकडं तोंड केलं, उजवा हात लांब करून भिंतीवर कोळशानं खूण केली. मग मी बसून बघितलं, माझा हात दोन बोटं पुढं गेला. बायकोला बोलावलं. तीही पदर खोचून बसली आणि उजवा हात लांब करून म्हणाली, "थोडं खाली घ्या, दादांचा हात एवढा वर जायचा न्हाई." आम्ही कौतुकानं खूण चार बोटं खाली घेतली. ज्याच्यासाठी चाललं होतं त्याला सोडून घरातला प्रत्येक माणूस त्या स्टुलावर बसून गेला. दादांना आणायचं म्हणजे धरून आणा, चुऱ्यातून पाय घसरायची भीती. म्हटलं, राहू दे.

डॉक्टरांचं बोलणं ऐकून मला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. आणि तरी मी उजवा म्हणालो. काय सांगू? आमच्याकडं जेवायचं उजव्या हातानं, द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं, तांब्या धरायचा उजव्या हातानं. डाव्या हातानं दुकानदाराला नोट दिली तरी तो कपाळाला आठ्या घालतो. आंघोळीचा कॉक डाव्या बाजूला, असं डोक्यात यायला माझं डोकंच तयार नव्हतं. ह्याला अक्कल म्हणायची की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दहाव्या दिवशी पहाटे मी दादांना न्हाणीघरात नेलं. नव्या टाइल्स, सिमेंटचा वास. स्टुलावर बसवलं, दाराकडं तोंड. दादांनी मान वळवून भिंतीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"उजवीकडं लावलाय," म्हणाले.

आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तोंड उघडून मी काहीतरी सांगणार, तोच दादा हसले. एका बाजूनंच हसू यायचं त्यांना.

"बरं केलंस. मला वाटलं व्हतं, तुमी समद्यांनी हात सोडूनच दिला. डॉक्टर काय म्हणाला वाटतं तुला?"

मी "हां" म्हणालो. बस्स, तेवढंच. दाराबाहेर बायको टॉवेल घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी तिच्या हातातून टॉवेल घेताना खाली मान घातली.

त्या दिवसापासून दादा कामाला लागले. कुठूनसा जुना रबरी चेंडू काढला. दिवसभर खाटेवर बसून तो उजव्या हातात ठेवायचा, डाव्या हातानं उजव्याची बोटं त्याच्यावर मिटवायची, सोडायची, परत मिटवायची. रोज सकाळी स्टुलावर बसले की डाव्या हातानं उजवं मनगट धरून उचलायचे, दांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "थांब. आज हालंल." हात दांडीवर क्षणभर राहायचा आणि घसरायचा. परत उचलायचे. परत घसरायचा. कपाळावर घाम यायचा, त्या थंडीत. मी उघडा-बोडका, लुंगी वर खोचून समोर उभा. सहा वाजत आलेले. शेवटी ते म्हणायचे, "बरं. आज तू उघड." आणि मी दांडी सरकवायचो. पाणी पुन्हा वरूनच पडायचं आणि पुन्हा माझ्याच हातानं. दादा डोळे मिटून घ्यायचे.

अर्ध्या तासाची आंघोळ आता पाऊण तासाची झाली. सातची बस जायला लागली, पुढची थेट नऊला. ऑफिसात उशिराची लाल खूण पडायला लागली. साहेब म्हणाले, "काय राव, शॉवर बसवला म्हणताय, मग तर लवकर यायला पायजे." मी त्यांना काय सांगणार, कप्पाळ?

फिटरला विचारलं. म्हणाला, "हालवायचं म्हंजे परत टाइल फोडायची, परत झिरी. पण भाऊ, आता डावीकडं कशाला? उजव्या हाताला तर सोयीचा पडतो." मी हात जोडले आणि घरी आलो.

बायको रोज म्हणायची, "सांगून टाका की एकदा. किती दिस आसं चालायचं?"

"तूच सांग."

"मी? चूक तुमची आन् सांगू मी?"

बरोबर होतं तिचं. पण सांगायचं म्हणजे नुसतं कॉक चुकला एवढंच सांगायचं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले तेही त्याच्या मागून आलं असतं. चेंडू दाबताना दादांचा चेहरा बघितला की माझी जीभ उचलायची नाही. दोन महिने असेच गेले. मी रोज झोपेतून उठायच्या आधीच थकलेला असायचो.

मग ती सकाळ. दादांच्या अंगाला साबण लावून झाला होता, कारण ते म्हणाले, आज साबण आधी लाव, आज नक्की हालंल. हात उचलला, ठेवला, साबणानं सटकला. परत ठेवला, परत सटकला. तिसऱ्या वेळी मनगट दांडीवर आपटलं आणि तेवढ्यात लाइट गेली. अंधारात दादांचा आवाज आला, "थांब. अजून एकदा."

माझं डोकंच फिरलं. "बास झालं, दादा!" मी ओरडलो. "तो कॉक चुकून लागलाय तिकडं! माझी चूक हाय. मला डावं-उजवं सुचलंच न्हाई!"

वरच्या शॉवरमधून थेंब गळत होते. दादांनी विचारलं, "डॉक्टर काय बोलला नव्हता?"

"बोलला व्हता."

"काय?"

"म्हणाला, हाताचं आता धरून चालू नका."

"कवा?"

"शॉवर आणायच्या आधीच."

दादा म्हणाले, "साबण वाळाय लागलाय. काढ."

मी दांडी सरकवली. पाणी पडलं. अंधारात त्यांच्या पाठीवरून हात फिरवून मी साबण काढला. पुसलं, कपडे घातले, खाटेवर आणून बसवलं. पाय धरावेत असं वाटलं, पण धरले नाहीत. ऑफिसला गेलो. दिवसभर एकही काम धड झालं नाही. संध्याकाळी फिटरच्या घरी जाऊन सांगून आलो, रविवारी ये आणि भिंत फोड, मोटार कुणाचीही अडकू दे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर दादा माझ्या आधी उठून बसले होते. टॉवेल खांद्यावर. काठी हातात. माझ्याबरोबर चालत आले. मी नेहमीच्या जागी स्टूल ठेवलं.

"उलटं बसव मला," दादा म्हणाले.

"काय?"

"त्वांड भिंतीकडं कर माझं. पाठ दाराला."

मी त्यांना धरून वळवलं आणि बसवलं. दादा समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले. आणि कॉक त्यांच्या डाव्या हाताला आला.

त्यांनी डावा हात लांब केला, तळव्यानं दांडी ढकलली. पाणी आलं. आधी गार आलं, त्यांनी "हुश्श" केलं, दांडी जराशी दुसरीकडं सारली, थांबले, अजून जराशी सारली. बसल्या जागी पाण्याला विसण घालत होते ते, कालव्याचं दार बेतानं उचलावं तसं. मग डोकं पुढं करून पाण्याखाली धरलं. पाणी डोक्यावरूनच पडत होतं. डोळे उघडे होते की मिटलेले, मला मागून दिसलं नाही.

"दार लोटून घे," म्हणाले. "आन् भायेर थांब."

मी दार लोटलं आणि बाहेर उभा राहिलो. हात रिकामे. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्या वेळेला माझ्या हातात काही नव्हतं, आणि ते कुठं ठेवावेत हे मला कळेना. बायको चहा ठेवायला उठली होती. मला बघून घाबरली.

"काय झालं? दादा कुठंयत?"

"आंघोळ करतायत."

"एकटे?"

"एकटे."

ती पाण्याचा आवाज ऐकत माझ्याशेजारी उभी राहिली. मग तिनं विचारलं, "कशी काय?" मी सांगितलं, स्टूल फिरवलं. ती कपाळावर हात मारून हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच होतं. दोन महिने, आणि एवढंच होतं. मला सुचलं नाही, तिला सुचलं नाही, फिटरच्या तर बापालाही सुचलं नसतं. पण दादांना? आयुष्यभर चारीच्या दाराच्या कुठल्या अंगाला उभं राहिलं म्हणजे चाक फिरतं, हे ज्यांना डोळे झाकून कळायचं, त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं असणार. ते वळले नाहीत, कारण वळायचं म्हणजे हात गेला असं मानायचं. मी उजवीकडं कॉक लावला होता, म्हणून ते उजव्या हाताची वाट बघत बसले. ती वाट मी दाखवली होती आणि मीच बंद केली.

आतून हाक आली, "टॉवेल." मी आत गेलो. दादांनी डोकं स्वतः पुसलं, जमेल तसं. लुंगीची गाठ तेवढी मला मारायला लावली. खाटेवर येऊन बसले. चेंडू खाटेखाली गेला होता. मी वाकून काढायला लागलो तर म्हणाले, "राहू दे तिथंच. तुझी बस जाईल."

त्या दिवशी मला सातची बस मिळाली. खिडकीशी जागासुद्धा मिळाली. कळंब सुटलं आणि मला रडू फुटलं. आवरेना. रुमाल तोंडावर धरला तरी हुंदके बाहेर येत होते. शेजारी बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेले एक म्हातारे बाबा बसले होते. थोडा वेळ त्यांनी न बघितल्यासारखं केलं, मग हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घरचं कोन गेलं का, पावणं?"

"न्हाई, बाबा," मी म्हणालो. "वडलांनी आज आपल्या हातानं आंघोळ केली."